मुरांब्यातली साखर कमी करण्याआधी

कलिंगडाच्या सालीचा मुरांबा मी दर उन्हाळ्यात करते. लाल गर खाऊन झाला की हिरवी पाठ सोलायची, गुलाबी भाग खरवडून काढायचा आणि मधला पांढरा, कडक गर तेवढा ठेवायचा. बाजारात हल्ली गडद हिरव्या पाठीची लहान कलिंगडंच जास्त दिसतात. त्यांच्यात हा गर जेमतेम निघतो, म्हणून जाड सालीचं मोठं फळ मिळालं तर तेच घ्यावं. पदार्थ अवघड नाही. म्हणूनच जो तो त्यात आपल्या सोयीचे बदल करतो, आणि बिनसतं ते तिथंच.

मागच्या उन्हाळ्यात माझ्या धाकट्या जावेनं तो केला. भाऊजींना मधुमेह, म्हणून साखर निम्मी घातली. आंबट नको म्हणून लिंबू गाळलं. फोडी कुरकुरीत राहाव्यात म्हणून रात्रभर चुन्याच्या निवळीत ठेवल्या आणि सकाळी एकदाच धुतल्या. गरम मुरांबा कॉफीच्या रिकाम्या बाटल्यांत भरला, झाकणं घट्ट लावली आणि बाटल्या उलट्या करून ठेवल्या. त्यातली एक महिन्याभरानं माझ्याकडे आली. झाकण मधोमध वर आलेलं होतं. बोटानं दाबलं की टक् करून खाली जायचं आणि पुन्हा वर यायचं. बाटली उजेडात धरली तर फोडींच्या कडेनं बारीक बुडबुडे वर चढताना दिसत होते.

मी तिला लगेच फोन लावला. ती म्हणाली, "ताई, वरचं काढून टाका आणि खालचं जरा चाखून बघा ना. एवढी मेहनत वाया जाईल हो."

"अगं, आधी सांग, तुमच्याकडे कुणी खाल्लं तर नाही ना?"

सुदैवानं कुणी खाल्लं नव्हतं.

हे 'चाखून बघणं' आपल्या हाडीमाशी खिळलेलं आहे. आजीनं लोणचं चाखूनच ठरवलं, आईनंही. पण त्यांच्या बरणीला वरून दादरा बांधलेला असे आणि आत मीठ, तेल किंवा साखर सढळ हातानं घातलेली असे. हवाबंद बाटलीचं गणित निराळं. क्लोस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा जिवाणू मातीत असतो, फळाच्या पाठीवरून घरात येतो, आणि हवा नसेल तिथंच तो वाढतो. त्याचे बीजाणू उकळत्या पाण्यात मरत नाहीत. वाढताना तो जे विष तयार करतो त्याला कित्येकदा वास नसतो, चव नसते, आणि चाखण्यापुरता थेंबसुद्धा जिवावर बेतू शकतो. जावेच्या बाटलीत बहुधा नुसतं यीस्ट फसफसलं असेल. पण ते डोळ्यांनी ओळखता येत नाही, म्हणून फुगलेली बाटली उघडायचीच नाही. ती तशीच पिशवीत, पिशवी आणखी एका पिशवीत, आणि मग कचऱ्यात. मांजराच्या, गाईच्या तोंडी लागेल असं कुठंही टाकू नये.

या जिवाणूला रोखतात ते आंबटपणा आणि साखर. सामू 4.6 च्या खाली असेल तर तो वाढत नाही. कलिंगडाचा सामू मात्र पाचाच्या वर असतो. कैरीसारखं हे फळ स्वतःची राखण करत नाही. म्हणून इथलं लिंबू चवीपुरतं नसतं. जाड पाकातली साखर पाण्याला बांधून ठेवते, जंतूंना ते मिळू देत नाही. आणि चुना तर आंबटपणा मारतोच. जावेनं हे दोन्ही राखणदार एकाच वेळी दुबळे केले होते आणि वर चुनाही वापरला होता. चुना मी वापरतच नाही. कुणाला हवाच असेल तर खायचाच घ्यावा, आणि फोडी तासतासभर स्वच्छ पाण्यात ठेवून निदान तीनदा धुवाव्यात.

मी जॉर्जिया विद्यापीठातल्या घरगुती अन्नसंरक्षण केंद्राचं प्रमाण पाळते, कारण ते तपासून ठरवलेलं आहे. पांढऱ्या गराच्या फोडी सहा कप. त्या दोन लिटर पाण्यात चार मोठे चमचे मीठ घालून पाच-सहा तास ठेवायच्या, धुवायच्या, मग अर्धा तास साध्या पाण्यात. त्यानंतर मोठा चमचाभर सुंठपूड भुरभुरून, पाणी घालून मऊ शिजवायच्या आणि निथळायच्या. चार कप साखर, पाव कप लिंबाचा रस आणि सात कप पाणी पाच मिनिटं उकळायचं, त्यात फोडी घालून अर्धा तास मंद आचेवर ठेवायचं. शेवटी लिंबाच्या पातळ चकत्या अर्धा कप. आता गॅसपाशीच थांबायचं. दुधी दिसणारी फोड कडेकडेनं काचेसारखी होत जाते. मधला पांढरा ठिपकाही गेला की झालं. तो ठिपका असताना घाईनं उतरवू नका, पाक आतपर्यंत पोचलेला नसतो.

बाटल्या उलट्या ठेवून काही साधत नाही. रुंद, खोल पातेल्यात तळाला जाळी ठेवून, झाकणांवर इंचभर पाणी येईल अशा त्या उकळाव्या लागतात. बाटल्या आधी उकळून घेतलेल्या, मुरांबा कढत, वर पाव इंच जागा रिकामी. मुंबई-रत्नागिरीला पाच मिनिटं पुरतात. पुणं सुमारे 560 मीटर उंचीवर आहे, इथं पाणी शंभराच्या आतच उकळतं, म्हणून दहा. त्यासाठी झाकणंही या कामाचीच आणि नवी हवीत. कॉफीच्या बाटलीचं वापरलेलं झाकण भरवशाचं नाही. तशी झाकणं मिळत नसतील तर हा खटाटोप करूच नये. मुरांबा थोडाच करावा आणि फ्रिजमध्ये ठेवून लवकर संपवावा.

मधुमेह असलेल्या घरी तर मी सरळ सांगते, मुरांबा करू नका. त्याच गराची मोहरी-हिंगाची फोडणी देऊन, ओलं खोबरं घालून भाजी करा. आणि घरी बंद केलेलं काही खाल्ल्यावर एक-दोन दिवसांत कुणाला दोन-दोन दिसू लागलं, पापण्या जड झाल्या, जीभ अडखळू लागली किंवा घास गिळेना, तर ॲसिडिटी म्हणून वाट पाहू नका. थेट मोठ्या रुग्णालयात जा आणि काय खाल्लं ते डॉक्टरांना आपणहून सांगा, कारण हा आजार क्वचित दिसतो आणि सुरुवातीलाच त्याबद्दल कुणी विचारेलच असं नाही.