ॲलर्जीजन्य दमा आणि आर्जिनिनची वाटणी

धान्याचा भुसा, घरातील धूळ, परागकण अथवा बुरशीचे कण श्वासावाटे आत गेले की काही व्यक्तींच्या श्वासनलिका आकुंचन पावतात, त्यांचे अस्तर सुजते, चिकट कफ साचतो आणि श्वास सोडताना शिट्टीसारखा आवाज येऊ लागतो. शेजारच्या माणसाला ज्या कणांचा काहीच उपद्रव होत नाही, त्यांच्याविरुद्ध अशा रुग्णाचे शरीर शत्रू आल्याप्रमाणे सज्ज होते. हाच ॲलर्जीजन्य दमा होय. या विकारामागील रासायनिक घडामोडींचा शोध घेताना संशोधकांचे लक्ष आर्जिनिन या ॲमिनो आम्लाकडे व त्याचे रूपांतर करणाऱ्या एन्झाइमांकडे, म्हणजेच विकरांकडे, वेधले गेले.

आर्जिनिन हा प्रथिनांचा एक घटक आहे. शुल्झे व स्टायगर यांनी १८८६ मध्ये तो प्रथम वनस्पतीच्या रोपांतून वेगळा केला. भुईमूग, तीळ व डाळी यांत तो विपुल असतो. पेशीत पोहोचलेल्या आर्जिनिनवर मुख्यतः दोन विकर हक्क सांगतात. पहिला नायट्रिक ऑक्साइड सिंथेज. तो आर्जिनिनपासून नायट्रिक ऑक्साइड वायू निर्माण करतो व हा वायू श्वासनलिकांभोवतीचे स्नायू सैल ठेवण्यास साहाय्य करतो. दुसरा आर्जिनेज. तो आर्जिनिनचे ऑर्निथिन व यूरिया यांत विघटन करतो. यकृतात हे काम अत्यावश्यकच आहे, कारण विषारी अमोनियाची विल्हेवाट त्याच मार्गाने लागते. क्रेब्ज व हेन्सेलाइट यांनी १९३२ मध्ये हे चक्र उलगडले.

फुप्फुसात मात्र आर्जिनेज वाढले की पंचाईत होते. आर्जिनिनला बांधून घेण्याची क्षमता सिंथेजची अधिक. परंतु आर्जिनेजच्या कामाचा वेग त्याच्या सुमारे हजार पट. कालव्याच्या पाणीवाटपाचा अनुभव असलेल्यांना हे चटकन उमगेल : एकाचे दार कालव्याच्या मुखाशी, पण अरुंद, दुसऱ्याचे खालच्या अंगाला, पण त्यावर मोठा पंप बसविलेला. पंप जोरात चालू लागला की मुखाशी असणाराही कोरडा पडतो. आर्जिनिन अपुरे पडल्यास सिंथेज नायट्रिक ऑक्साइडऐवजी ऑक्सिजनची दाहक रूपेही निर्माण करू लागतो. शिवाय ऑर्निथिनपासून पेशींच्या वाढीस चालना देणारी पॉलिअमाइने आणि कोलॅजेनला लागणारे प्रोलिन तयार होते. जुनाट दम्यात श्वासनलिकांच्या भिंती जाड होतात, त्यास हेही एक कारण असावे.

नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन विद्यापीठात गिनिपिगांच्या श्वासनलिकांवर झालेल्या व २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, आर्जिनेजला रोखताच ॲलर्जीमुळे वाढलेली आकुंचनाची प्रवृत्ती घटली. अमेरिकेतील सिनसिनाटी येथे दमा निर्माण केलेल्या उंदरांची फुप्फुसे तपासता आर्जिनेजची जनुके विशेष जोमाने कार्यरत असल्याचे २००३ मध्ये आढळले. ॲलर्जीचे संदेश वाहणारी इंटरल्यूकिन–४ व इंटरल्यूकिन–१३ ही द्रव्ये त्यांना चेतवीत होती. पुढे २००४ मध्ये दमेकऱ्यांच्या रक्तातही आर्जिनेजची क्रिया वाढलेली व आर्जिनिन घटलेले दिसले.

मग आर्जिनिनची भुकटी खाऊन दमा बरा होईल काय? अनुमान मोहक असले तरी प्रत्यक्ष चाचण्यांनी त्यास पुष्टी दिलेली नाही. तीव्र दम्याच्या रुग्णांना आर्जिनिन देऊन अमेरिकेत केलेल्या व २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आजार उफाळण्याचे प्रमाण कमी झाले नाही. आर्जिनेजचाही सरसकट नाश इष्ट नाही. त्याचा दुसरा प्रकार पेशीतील ऊर्जाकेंद्रांत असतो आणि तो नसलेल्या उंदरांत ॲलर्जीची सूज उलट वाढल्याचे २०१६ मध्ये दिसून आले. यकृतातील आर्जिनेज रोखले गेले तर अमोनिया साचण्याचा धोका निराळाच.

म्हणून तूर्त दम्याच्या उपचाराचा पाया श्वासावाटे घ्यावयाचे स्टेरॉइड हाच आहे. ते सूज उत्पन्न करणाऱ्या संदेशांनाच आवर घालते. पंपाची सवय लागते या समजुतीपायी अनेक पालक बरे वाटताच तो बंद करतात. सूज मात्र आत तशीच राहते व पुढचा झटका अधिक तीव्र येऊ शकतो. दमा असलेल्या विद्यार्थ्याचा तात्काळ आरामाचा पंप कपाटात कुलूपबंद न ठेवता त्याच्या हाताशी असू द्यावा आणि पंप घेऊनही धाप न थांबल्यास, बोलणे तुटू लागल्यास अथवा ओठ निळसर दिसल्यास त्याला विनाविलंब रुग्णालयात न्यावे.