पापणी वळली? डोळा वेळीच सांभाळा



गळीत हंगामाच्या धांदलीत आपण अंगावरची दुखणी पुढे ढकलतो. "तोड आटोपू द्या, मग बघू" हे आपले नेहमीचे वाक्य. पण डोळ्याचे एक दुखणे तोड आटोपण्याची वाट बघत नाही. ते म्हणजे पापणीची कड आत किंवा बाहेर वळणे.

घरातल्या वडीलधाऱ्यांकडे जरा नीट बघा. आजोबा दिवसभर उपरण्याने डोळे पुसतात. आजी चिमट्याने पापणीचे केस उपटून घेते. आपण म्हणतो, मोतीबिंदू असेल, पिकला की काढू. पण साध्या मोतीबिंदूने फक्त दिसणे कमी होते, डोळा खुपत नाही. डोळा सारखा खुपत असेल, पाणी गळत असेल, तर आधी पापणी बघावी.

पापणी आत वळणे

उसात काम करताना पाते डोळ्याला चाटून गेले तर काय आग होते, ते आपल्याला ठाऊक आहे. पापणी आत वळली की तिचे केस बुबुळाला दर उघडझापीला असेच घासतात. त्याने जखम होते, जखमेत जंतू शिरतात, आणि शेवटी बुबुळावर पांढरे फूल पडते.

याची मुख्य कारणे दोन. पहिले म्हातारपण. खालच्या पापणीचे स्नायू सैल पडतात आणि कड आत दुमडते. दुसरे खुपऱ्या. हा जंतूंचा रोग हात, फडके आणि माशांमधून एका मुलाकडून दुसऱ्याकडे जातो. लहानपणी तो वारंवार झाला, तर वरच्या पापणीच्या आतल्या बाजूला व्रण पडतात. पुढे बऱ्याच वर्षांनी ते आकसून पापणीला आत ओढतात. आपल्या देशात १९६३ साली खुपऱ्यांविरुद्ध राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये, खुपऱ्या ही भारतात आता सार्वजनिक आरोग्याची समस्या उरलेली नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले. आनंदाची गोष्ट आहे. पण ज्यांना लहानपणी हा रोग झाला, त्या म्हाताऱ्यांच्या पापणीतले जुने व्रण काही गेलेले नाहीत.

पापणी बाहेर वळणे

यात खालची पापणी लोंबते, आतली लाल बाजू दिसू लागते. पापणीच्या नाकाकडच्या टोकाला एक बारीक छिद्र असते. डोळ्यातले पाणी त्यातून नाकात उतरते. पापणी लोंबली की पाटाचे तोंड वर राहावे तसे होते, आणि पाणी गालावर वाहते. डोळा नीट मिटत नसल्याने कोरडाही पडतो. वय, चेहऱ्याचा लकवा, किंवा गुऱ्हाळावर उकळता रस उडून भाजल्याचा व्रण, अशी याची कारणे असतात. चेहरा एकाएकी वाकडा झाला तर मात्र त्याच क्षणी दवाखाना गाठावा, तो पक्षाघातही असू शकतो.

उपाय काय?

केस उपटणे हा उपाय नव्हे. खोडव्यासारखा तो काही आठवड्यांत पुन्हा फुटतो. अर्धवट तुटलेला केस तर जास्तच टोचतो. मध, दूध, झाडपाल्याचा रस डोळ्यात घालू नये. दुसऱ्याला दिलेले किंवा दुकानातून असेच आणलेले थेंब घालू नयेत. काही थेंबांमुळे बुबुळावरची जखम चिघळते.

डॉक्टर थेंब व मलम देतात, कधी खालची पापणी चिकटपट्टीने गालाकडे ओढून ठेवतात. हे तात्पुरते झाले. पापणी कायमची जागेवर आणायची तर बहुधा छोटी शस्त्रक्रिया लागते. इंजेक्शनने पापणीपुरती भूल देतात आणि बहुतेकांना त्याच दिवशी घरी सोडतात. मधुमेह असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर ते आधीच सांगावे. लकव्याने पापणी लोंबली असेल तर काही महिन्यांत आपोआप सुधारणा होऊ शकते. तोवर रात्री मलम घालून डोळा झाकून जपावा लागतो. मोतीबिंदू आणि पापणीचा दोष दोन्ही असतील तर साधारणपणे आधी पापणी दुरुस्त करतात.

घरच्या घरी तपासा

उजेडात बसवून, हात स्वच्छ धुऊन बघावे. केस बुबुळाला टेकतात का? खालची पापणी हलकेच ओढून सोडली तर चटकन जागेवर जाते की लोंबत राहते? शंका आली तर नंदुरबारला जिल्हा रुग्णालयाच्या नेत्र विभागात किंवा जवळच्या नेत्रतज्ज्ञाकडे दाखवावे. डोळा लाल होऊन दुखत असेल, उजेड सहन होत नसेल, बुबुळावर पांढरा ठिपका दिसत असेल, तर त्याच दिवशी न्यावे. फडात येणाऱ्या तोडकरी बंधूंना आणि त्यांच्या घरच्या म्हाताऱ्यांनाही हे सांगावे. कामापायी गावोगाव फिरताना त्यांचा दवाखाना राहूनच जातो.

मोतीबिंदू काढला की दृष्टी बहुधा परत येते. पण बुबुळावर दाट फूल पडले, तर दुसऱ्याने दान केलेल्या बुबुळाची वाट बघावी लागते. पापणीची छोटी दुरुस्ती वेळेवर केली तर ती पाळी येत नाही. म्हणून या हंगामात एक दिवस आपल्या आई-वडिलांच्या डोळ्यांसाठी काढा.