लॉर्खनचे हृदय : एका संगणकीय खेळातील अनिर्णित पाठभेद

पुराणकथेच्या अभ्यासकाला पाठभेद अपरिचित नसतात. मौखिक परंपरेत ते कालौघाने, स्थलांतराने आणि कथेकऱ्यांच्या प्रतिभेने निर्माण होतात. परंतु जे कथाविश्व एकाच संस्थेने अल्पावधीत आणि सहेतुक रचले आहे, त्यात परस्परविरोधी पाठ का ठेवले जावेत, आणि त्यांचा निर्णय का टाळला जावा, हा प्रश्न वेगळ्या स्वरूपाचा आहे. बेथेस्डा सॉफ्टवर्क्स या अमेरिकन संस्थेच्या ‘द एल्डर स्क्रोल्स’ मालिकेतील ‘मोरोविंड’ (२००२) या खेळाच्या आधारे या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

या कथाविश्वात लॉर्खन या देवाने मर्त्य जग घडविण्यात पुढाकार घेतला. त्याबद्दल इतर देवांनी त्याचे हृदय उपटून काढले. हे हृदय व्हार्डनफेल बेटावरील ‘लाल पर्वता’च्या पोटात दडले होते. पुढे ड्वेमर या यंत्रविद्यानिपुण लोकांना ते सापडले. त्यांचा मुख्य शिल्पी काग्रेनॅक याने हृदयातील शक्ती वापरण्यासाठी हातोडा, पाते आणि हातमोजा अशी तीन साधने घडविली. त्यातून युद्ध उद्भवले. युद्धाच्या अखेरीस तीन गोष्टी घडल्या : संपूर्ण ड्वेमर वंश एका क्षणात नाहीसा झाला, विजेता सेनानी नेरेवार मरण पावला, आणि त्याचे तीन सहकारी, व्हिवेक, आल्मलेक्सिया व सोथा सिल, देवपदाला पोहोचले. या तीन घटनांविषयी सर्व पाठांचे एकमत आहे. मतभेद आहे तो त्यांच्या कार्यकारणसंबंधाविषयी.

व्हिवेकच्या नावावर असलेल्या वृत्तांतानुसार काग्रेनॅकने स्वतःच हृदयावर साधने चालविली आणि त्यामुळे त्याचा वंश लोपला. ही साधने कधीही न वापरण्याची शपथ नेरेवारने सहकाऱ्यांकडून घेतली. त्याच्या मृत्यूनंतर ती मोडली गेली, हे व्हिवेक मान्य करतो. खुनाचा मात्र उल्लेखही करीत नाही. याउलट अॅशलँडर या भटक्या टोळ्यांची परंपरा सांगते की, ड्वेमरांचा नाश अझुरा या देवतेच्या साहाय्याने नेरेवारने घडविला, आणि पुढे त्या तिघांनी विषप्रयोगाने नेरेवारचा घात केला. या परंपरेचे मूळ नेरेवारचा ढालकरी अलांड्रो सूल याच्याकडे दिले जाते. देवपदाचा पाया शपथभंग की खून, असा हा वाद आहे. म्हणूनच तो केवळ इतिहासाचा वाद राहत नाही. राज्यकर्त्या धर्मपीठाची अधिमान्यता त्यावर अवलंबून आहे. अॅशलँडरांचा पाठ धर्मपीठाने पाखंड ठरविला आहे.

वेन बूथ यांनी १९६१ मध्ये मांडलेली अविश्वसनीय निवेदकाची संकल्पना येथे उपयोगी पडते. व्हिवेकच्याच नावावर छत्तीस प्रवचनांचा एक ग्रंथ खेळात विखुरलेला आहे. एकोणतिसाव्या प्रवचनातील संख्या शब्दक्रम म्हणून लावल्या असता सर्व प्रवचनांतून एकेक शब्द निघतो, आणि त्यांतून खुनाची कबुली तयार होते. म्हणजे जाहीर वृत्तांत मौन पाळतो आणि धर्मग्रंथ गुप्तपणे गुन्हा मान्य करतो. तथापि कबुली देणाराही तोच निवेदक आहे, आणि आपले चरित्र काव्यमय करण्याची त्याची हौस ग्रंथात पानोपानी दिसते. त्यामुळे कबुलीने संशय बळावतो. निर्णय होत नाही.

ड्वेमरांच्या लोपाचा प्रश्न याहून अवघड आहे, कारण तेथे साक्षीदारच उरलेला नाही. खेळात यॅग्रम बॅगर्न हा एकमेव जिवंत ड्वेमर भेटतो; पण त्या घटकेला तो परलोकात होता. ‘स्कायरिम’ (२०११) मध्ये अर्नील गेन हा विद्वान काग्रेनॅकच्या पात्याने तो प्रयोग पुन्हा करू पाहतो आणि स्वतःच अंतर्धान पावतो. प्रयोग यशस्वी झाला असे म्हणावे, तर त्याचे फलित सांगणारा कोणी राहत नाही. हे ज्ञान मिळविणाऱ्यालाच साक्षीच्या कक्षेबाहेर नेते, अशी ही रचना आहे.

तिसरा प्रश्न शेवटाचा. नायकाच्या आघातांनंतर हृदय दिसेनासे होते. ते नष्ट झाले की मुक्त झाले? हृदय म्हणजेच जगाचे हृदय, म्हणून ते अविनाशी, असे एक सृष्टिकथा सांगते. ती प्रमाण मानल्यास आघातांनी केवळ हृदयावरील बंधने तुटली असे म्हणावे लागते. ती नाकारल्यास विनाशाचा अर्थही संभवतो.

अशा अनिर्णिततेची तुलना अकुतागावा यांच्या ‘इन अ ग्रोव्ह’ (१९२२) या कथेशी सहज सुचते. तेथेही एका मृत्यूच्या साक्षी परस्परांशी जुळत नाहीत. मात्र कथेचा वाचक निर्णय न करता पुस्तक मिटू शकतो. खेळणाऱ्याला ती मोकळीक नाही. नेरेवारचा पुनर्जन्म म्हणून त्याला उभे केलेले असते, आणि ज्याच्यावर त्या खुनाचा आरोप आहे, त्या व्हिवेकच्याच हातून त्याला हातमोजा स्वीकारावा लागतो. तो स्वीकारावा, की व्हिवेकचा वध करावा, हे दोन्ही पर्याय खेळाने खुले ठेवले आहेत. पुरावा अपुरा असताना कृती करणे भाग पडते. येथे पाठभेद नैतिक प्रश्नात रूपांतरित होतो.

म्हणून ‘खरे काय घडले’ याचे अधिकृत उत्तर रचनाकारांकडे मागणे हा या संहितेच्या आकलनाचा मार्ग नव्हे. प्रत्येक पाठ कोणाच्या मुखी आहे, तो कोणत्या सत्तेला आधार देतो आणि कोणत्या जागी मौन पाळतो, हे तपासणे अधिक फलदायी ठरते. या तीन प्रश्नांपुरते पाहता, अनिर्णितता हा रचनेतील दोष नसून तिचे आशयसूत्र आहे, असे म्हणता येते.