झोपेत सोडून जाऊ नका, सांगून जा
अभ्यास पाठ : लेकरांचं मन, खेळ आणि हक्काचं माणूस



दसरा झाला की मुकादमाचा निरोप येतो. दिवाळीच्या आगेमागे गावात ट्रॅक्टर, ट्रक उभे राहतात. भांडी, ताडपत्री, सरपण, कोयते, एखादी शेळी, सगळं वर चढतं. घरात तीन-चार वर्षांचं लेकरू आजीच्या कुशीत झोपलेलं असतं. "उठलं तर रडेल, मग माझा पाय निघणार नाही," असं म्हणून आई अंधारातच निघते. सकाळी लेकरू उठतं आणि आई घरात नसते.

आपल्यापैकी कितीजणींनी हे केलंय किंवा बघितलंय? हात वर करायची गरज नाही. उचल घेतलेली असते, कोयता नवरा-बायको दोघांचा असतो, त्यामुळे जाणं भाग असतं. तेव्हा "जाऊ नका" असं सांगायला हा पाठ नाही. जाताना, दूर असताना आणि परत आल्यावर लेकराचं मन कसं सांभाळायचं, आणि गावात राहिलेल्या आजी, मावशी, काकूनं काय करायचं, ते आज शिकू.

लहान लेकराला हक्काचं माणूस का लागतं?

पोट भरलं, अंगावर कपडा असला की लेकरू वाढतं, असं आपण समजतो. ते अर्धंच खरं आहे. जॉन बोल्बी नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी याचा आयुष्यभर अभ्यास केला. त्यांचं म्हणणं असं की, भीती वाटली, लागलं, दुखलं की ज्याच्याकडे धावत जाता येईल असं एक तरी खात्रीचं माणूस लहान मुलाला लागतं. त्यांच्यासोबत काम केलेल्या मेरी एन्सवर्थ बाई 1954 च्या सुमारास आफ्रिकेतल्या युगांडा देशात होत्या आणि तिथल्या खेड्यापाड्यात जायच्या. तिथल्या 26 घरांमधल्या तान्ह्या बाळांचं त्यांनी महिनोन् महिने निरीक्षण केलं. आई जवळ आहे याची खात्री असली की बाळ रांगत लांब जातं, नवीन वस्तू हाताळतं, मध्येच मागं वळून बघतं आणि पुन्हा खेळायला लागतं, असं त्यांना दिसलं. म्हणजे खात्रीच्या माणसामुळे लेकरू बांधलं जात नाही, उलट धीट होतं.

हे माणूस आईच असलं पाहिजे असं नाही. आजी, आजोबा, आत्या, मोठी बहीण कुणीही चालेल. पण ते रोज तेच असावं, आणि हाकेला ओ देणारं असावं.

ताटातूट झाल्यावर लेकरू काय करतं?

1952 साली जेम्स रॉबर्टसन यांनी दवाखान्यात ठेवलेल्या दोन वर्षांच्या मुलीवर एक छोटी फिल्म केली. त्या काळी इंग्लंडमध्ये दवाखान्यात ठेवलेल्या मुलांना आईवडिलांनी फार भेटू नये, अशी पद्धत होती. "भेटलं की मुलं रडतात, नाही भेटलं तर गप्प राहतात," असं म्हणायचे. पण गप्प बसलेलं मूल शांत झालेलं नसतं, हे रॉबर्टसन आणि बोल्बी यांनी दाखवून दिलं. आधी मूल रडतं, दाराकडे बघतं. मग खचतं, खाणं-खेळणं कमी होतं. पुढं ते सगळ्यांशी ठीक वागतं, पण आई आली की तोंड फिरवतं. 1959 मध्ये तिथल्या सरकारी समितीनंच, आईवडिलांना मुलांजवळ मोकळेपणानं येऊ द्या, अशी शिफारस केली.

आता आपल्या गावाकडे बघा. "पहिले आठ दिवस रडला, आता विसरला," असं आजी फोनवर सांगते. लेकरू विसरलेलं नसतं. त्याची आठवण दुसऱ्या वाटेनं बाहेर येते. बंद झालेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू होतं, शाळेच्या वेळेला पोट दुखतं, उगाच मारामारी होते, नाहीतर ते आजीचा पदर सोडत नाही. अशा वेळी आपण "नाटकी झालाय" म्हणून धपाटा घालतो.

खेळ ही लेकराची बोली

मोठ्या माणसाला दुःख झालं की ते शेजारणीला सांगून मोकळं होतं. चार वर्षांच्या लेकराजवळ तेवढे शब्द नसतात, ते खेळातून सांगतं. काडेपेटीचा ट्रॅक्टर करून त्यात बाहुली बसवतं, ट्रॅक्टर लांब नेतं आणि उलटा करतं. रोज तोच खेळ खेळतं. तसं करताना ते मनातली भीती हातात धरून बघत असतं.

यावरच खेळोपचाराची पद्धत उभी आहे. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया ॲक्सलाइन यांनी 1947 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. मुलाला घाई करायची नाही, खेळ त्याला ठरवू द्यायचा, ते जसं आहे तसं स्वीकारायचं, ही त्यांची मुख्य शिकवण. पुढं 1964 च्या सुमारास बर्नार्ड गर्नी यांनी ही पद्धत थेट आईवडिलांनाच शिकवायला सुरुवात केली, कारण मुलाचं नातं त्यांच्याशीच असतं. उपचार करणं हे शिकलेल्या माणसाचं काम आहे. पण त्यातल्या साध्या गोष्टी आपण घरी नक्की करू शकतो.

रोजची पंधरा मिनिटं

एका टोपलीत चिंध्यांची बाहुली, मातीचे बैल, छोटी भांडी, चिंचोके, खडू, कणकेचा गोळा ठेवा. विकत काही आणायचं नाही. संध्याकाळी एक वेळ ठरवा, फोन बाजूला ठेवा आणि लेकराजवळ खाली बसा.

1. खेळ त्याचा, आपण पाहुण्या. काय खेळायचं ते त्याला ठरवू द्या.
2. प्रश्न कमी विचारा. जे दिसतंय ते बोला. "बाहुलीची आई ट्रॅक्टरात बसली. बाहुली घरीच राहिली."
3. भावनेला नाव द्या. "बाहुलीला राग आला वाटतं." चुकलं तर लेकरूच सांगेल, "राग नाही, भीती वाटली."
4. दुरुस्त करू नका. बैल निळा असला तरी चालतो. शिकवणी वेगळी, हा खेळ वेगळा.
5. मर्यादा ठेवा, पण शांतपणे. "तुला राग आलाय. आजीला मारायचं नाही. उशीला मार."
6. संपवण्याआधी सांगा. "आता थोडाच वेळ राहिला. उद्या पुन्हा खेळू."

जाणाऱ्या आईसाठी

निघण्याच्या काही दिवस आधीपासून सांगायला लागा. ट्रॅक्टरचा खेळ तुम्हीच खेळा. आई जाते, ऊस तोडते, आणि परत येते. परत येण्याचा भाग रोज खेळा. आपल्या जुन्या लुगड्याचा तुकडा लेकराजवळ ठेवा, त्याला आईचा वास असतो. "उद्या येते" असं खोटं सांगू नका. "ऊस संपला की, पाडव्याच्या आसपास येईन, आणि रोज रात्री जेवणानंतर फोन करीन," असं सांगा. रेंज नसेल तर दोन दिवसांनी करा, पण ठरलेली वेळ पाळा. निघताना ते रडेल, तुम्हीही रडाल. रडू द्या. पण आई आपल्याला सांगून जाते, हा विश्वास त्याच्याजवळ राहील. झोपेत सोडलेलं लेकरू मात्र पुढं झोपायलाच भितं.

परत आल्यावर ते आजीच्या मागं लपलं तर ओढू नका. "मला विसरलास का?" असं म्हणू नका. शेजारी बसा, टोपली काढा, खेळ सुरू करा. काही दिवस चिडेल, रुसेल. तुमच्यावर जीव आहे म्हणूनच रुसतं.

गावात राहिलेल्यांसाठी

"रडलास तर आई येणार नाही" ही धमकी आजच बंद करा. आजीही थकलेली असते, गुडघे दुखतात, तिला एकटीला हे जमत नाही. इथं गटानं पुढं यावं. आठवड्यातून दोन संध्याकाळी देवळाच्या पारावर किंवा अंगणवाडीत तासभर मुलांचा खेळ ठेवा, आळीपाळीनं दोघी-दोघी बसा. शाळेत हंगामी वसतिगृहाची सोय होते का, ते शाळा व्यवस्थापन समितीत वेळेत, म्हणजे हंगामाआधी विचारा.

मदत कधी घ्यायची?

दोन-तीन आठवडे होऊनही लेकरू खात-झोपत नसेल, बोलणं बंद झालं असेल, स्वतःला मारून घेत असेल, तर वाट बघू नका. आशाताई, अंगणवाडीताई किंवा शाळा-अंगणवाडीत तपासणीला येणाऱ्या आरोग्य पथकाला सांगा, जिल्हा रुग्णालयात दाखवा. 14416 हा टेलिमानसचा मोफत नंबर आहे, तिथं मनाच्या त्रासाबद्दल बोलता येतं. खेळात किंवा बोलण्यात कुणीतरी नको तिथं हात लावल्याचं कळलं, तर लेकराला दरडावू नका, पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नका. "तू सांगितलंस ते चांगलं केलंस, तुझी काही चूक नाही," असं म्हणा आणि लगेच 1098 वर किंवा पोलिसांना कळवा. असा गुन्हा कळवणं 2012 च्या पोक्सो कायद्यानं बंधनकारक आहे.

पुढच्या बैठकीत

• आपल्या गटातल्या कुणाकुणाची लेकरं यंदा आजीकडे राहणार आहेत? यादी करा.
• प्रत्येक लेकराचं हक्काचं माणूस कोण, ते यादीत नावासमोर लिहा. जिथं जागा रिकामी राहील, तिथं गटातली कोण उभी राहील?
• दोघीजणी आई आणि लेकरू होऊन पंधरा मिनिटांचा खेळ करून दाखवा. हसू येईल, येऊ द्या.

बचतीच्या वहीत आपण दर महिन्याला रुपया-रुपया मांडतो. यंदा त्याच वहीच्या मागच्या पानावर ही यादी मांडा, आणि ट्रॅक्टर गावात यायच्या आधी ती पूर्ण करा.