गोळी झाडली तेव्हा शारदा कुठे होती?

प्रश्न : विजयानंद थिएटरात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या गेल्या तेव्हा रंगमंचावर बालगंधर्व गात होते, असं आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या सांगतात. हे खरं आहे का? तेव्हा तर ते अगदी तरुण असणार. रेडिओ नाही, बोलपट नाही, मग एवढ्या लहान वयात इतकं नाव झालं कसं?
– एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : घरातली गोष्ट अर्धी खरी आहे. तारीख २१ डिसेंबर १९०९. किर्लोस्कर नाटक मंडळी नाशकात आली होती आणि त्या रात्री विजयानंदमध्ये देवलांच्या ‘संगीत शारदा’चा प्रयोग लागला होता. ए. एम. टी. जॅक्सन यांची नाशकाहून मुंबईला बदली झाली होती, आणि हा प्रयोग त्यांच्या निरोपासाठीच योजला होता. जॅक्सन संस्कृतचे अभ्यासक आणि मराठी नाटकांचे शौकीन. पण बाबाराव सावरकरांना त्याच वर्षी काळ्या पाण्याची शिक्षा झाली होती, आणि त्या खटल्यापासून क्रांतिकारकांचा जॅक्सनवर रोष होता. अनंत लक्ष्मण कान्हेरे हा औरंगाबादेत शिकलेला, विशीही न गाठलेला मुलगा थिएटरात थांबला होता. साहेब नाटक पाहायला आत येत असतानाच त्याने गोळ्या झाडल्या. म्हणजे त्या क्षणी कुणी गात नव्हतं. कान्हेरे आणि त्याचे साथीदार कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. आपण गोल्फ क्लब म्हणतो त्या मैदानाला आज कान्हेऱ्यांचंच नाव आहे.

शारदेची भूमिका करणारे नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, याच मंडळीत होते, हा गोष्टीतला खरा भाग. निरोपाच्या धामधुमीतही साहेबाने नाटकाला होकार दिला, त्यात या नटाच्या नावाचाही वाटा होता, असं सांगतात. त्यांचा जन्म २६ जून १८८८चा. म्हणजे त्या रात्री ते एकवीस वर्षांचे होते आणि कंपनीत येऊन त्यांना जेमतेम चार वर्षं झाली होती. तुमचा दुसरा प्रश्न मला जास्त मोलाचा वाटतो तो म्हणूनच. चार वर्षांत एवढं कसं?

याचं ठरलेलं उत्तर सगळ्यांना पाठ असतं: दहा-अकरा वर्षांच्या नारायणाचं गाणं पुण्यात लोकमान्य टिळकांनी ऐकलं, ‘बालगंधर्व’ म्हटलं, आणि झालं. प्रसंग गोड आहे. पण पदवी मिळाल्यावर पुढची सहा-सात वर्षं हा मुलगा रंगभूमीवर कुठेच नव्हता, हे सांगायचं राहून जातं. आणि माझ्या मते सगळी मेख त्या सहा-सात वर्षांत आहे.

संगीत नाटक कंपन्यांना गोड गळ्याची मुलं लागत, आणि त्यांच्यावर एक तलवार कायम टांगलेली असे: आवाज फुटण्याची. तेरा-चौदाव्या वर्षी गळा बदलला की कालची नायिका आज कंपनीच्या गळ्यातलं लोढणं. भास्करबुवा बखल्यांचं तेच झालं. लहानपणी ते याच किर्लोस्कर मंडळीत होते, ‘रामराज्यवियोगा’त कैकेयी करून नावही कमावलं होतं. आवाज फुटला आणि कंपनीत त्यांची किंमत उरली नाही. अपमान गिळून ते बाहेर पडले, उस्तादांच्या दारात वर्षानुवर्षं राबले आणि मोठे गवई होऊन परतले. केशवराव भोसले यांचं उदाहरण उलट. लहान वयातच त्यांची शारदा गाजली, आवाजाचं संक्रमण ते निभावून गेले, आणि १९०८ साली हुबळीला त्यांनी स्वतःची ‘ललितकलादर्श’ काढली. पण असे केशवराव विरळा.

नारायणाचं बालपण कंपनीच्या बिऱ्हाडात गेलंच नाही. जळगावात मेहबूब खाँ यांच्याकडे त्याला गाण्याची तालीम मिळाली. खानदेशातल्या आमच्या मित्रांना ही गोष्ट सांगायला फार आवडते, आणि त्यात वावगं काही नाही. पुढे कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी त्याचं गाणं ऐकलं. मुलाला कानाचं दुखणं होतं, त्याच्या उपचारासाठी महाराजांनी त्याला मिरजेला धाडलं. किर्लोस्कर मंडळीशी गाठ पडली ती महाराजांच्याच शब्दावर. १९०५ साली मिरजेत तो पहिल्यांदा शकुंतला म्हणून उभा राहिला तेव्हा सतरा वर्षांचा होता. गळा फुटून, बसून, स्थिर झालेला. कंपनीला हातात मिळाला तो तयार आवाज, पुढे दगा न देणारा.

कंपनीला त्याची गरजही तशीच होती. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणलं, पाठोपाठ ‘सौभद्र’ आलं, आणि १८८५ साली अण्णासाहेब गेले. त्यानंतर मंडळी तगली ती बऱ्याच अंशी भाऊराव कोल्हटकरांच्या आवाजावर. त्यांची शकुंतला आणि सुभद्रा ऐकायला लोक गाड्या जोडून येत. १९०१ साली भाऊरावही गेले. नाटकं होती, चाली होत्या, पेटीवाला-तबलजी होते, नाव होतं. मधली जागा रिकामी होती. चार वर्षं वाट पाहणाऱ्या प्रेक्षकांपुढे नारायण उभा राहिला. नवख्या नटाला आधी प्रेक्षक जमवावे लागतात. इथे प्रेक्षक आयते होते, फक्त तुलना भाऊरावांशी होणार होती. ती परीक्षा सोपी नव्हती, पण बिनगर्दीची तरी नव्हती.

आता अभिनय. गाणारा पोरगा उभा केला की नटी होत नाही. गोविंद बल्लाळ देवल मंडळीचे तालीममास्तर होते, आणि मराठी रंगभूमीवर त्यांच्याइतका काटेकोर शिक्षक क्वचितच झाला असेल. ‘शारदा’ १८९९ची. पैशांसाठी म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधली जाणारी कोवळी मुलगी, हा तिचा विषय. आधीच्या नाटकांतल्या शकुंतला, सुभद्रा पुराणातल्या. शारदा शेजारच्या वाड्यातली. तिचं चालणं, पदर सावरणं, आईपुढे गप्प राहणं प्रेक्षकांतल्या बायका रोज जगत होत्या, खोटं लगेच पकडलं गेलं असतं. अशी भूमिका ज्याने लिहिली त्याच्याच हाताखाली शिकायला मिळणं, हे नारायणरावांचं मोठं भाग्य. पुढे त्यांचं नेसणं, अंबाडा, गजरा घरंदाज बायका उचलू लागल्या, ही त्याच शिक्षणाची पावती. पुरुषाने बायकांना कसं दिसावं ते शिकवावं, याला आज आपण काय म्हणू ते म्हणू. त्या काळात त्याची फॅशन झाली.

आणि गाण्यात गुरू कोण लाभले? तेच भास्करबुवा, ज्यांचा आवाज फुटल्यावर याच कंपनीत अवहेलना झाली होती. त्यांनी मनात अढी ठेवली नाही. ख्यालातली जागा नाटकाच्या पदात किती घ्यायची आणि कुठे सोडून द्यायची, हे नारायणरावांच्या गळ्यात उतरलं ते त्यांच्यामुळे. पद नुसतं आळवत बसलं तर शारदा मरते आणि गवई उरतो. वन्समोअर आला तर तेच पद पुन्हा म्हणायचं, पण जसंच्या तसं नाही. मैफलीचा आनंद आणि गोष्टीचा धागा दोन्ही सांभाळायचे. माझ्या मते त्यांच्या कीर्तीचं मर्म निव्वळ गोड गळ्यात नाही, या संयमात आहे. गोड गळे तेव्हा पुष्कळ होते.

राहिला प्रश्न नाव पसरण्याचा. कंपनी हेच प्रसारमाध्यम. सामानसुमान, पडदे, आचारी, नट असा सगळा लवाजमा रेल्वेने गावोगाव फिरे, मुक्काम आठवड्यांचे असत, आणि एकेका गावात चार-पाच नाटकं आलटून पालटून होत. नाशिक रेल्वेच्या मुख्य मार्गावर. स्टेशनापासून गावात तेव्हा ट्राम येई. पुण्या-मुंबईत गाजलेलं पद इथे यायला फार दिवस लागत नसत.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण विजयानंदच्या त्या रात्रीशी तिचा संबंध मला वाटतो म्हणून सांगतो. जॅक्सन यांच्या हत्येनंतर सरकारने नाटकांवर डोळे वटारले. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं ‘कीचकवध’ १९०७पासून गाजत होतं. त्यातला कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, हे प्रेक्षकांना सांगावं लागत नव्हतं. १९१० साली त्यावर बंदी आली. गद्य राजकीय नाटकाची वाट अशी आखडली, आणि खाडिलकर संगीत नाटकाकडे वळले. किर्लोस्कर मंडळीसाठी त्यांनी लिहिलेलं ‘मानापमान’ १२ मार्च १९११ रोजी मुंबईत रंगभूमीवर आलं. चाली गोविंदराव टेंब्यांच्या, भामिनी बालगंधर्वांची. त्याच दिवशी त्यांची तान्ही मुलगी वारली होती आणि तरीही त्यांनी पहिला प्रयोग पुढे ढकलू दिला नाही, ही हकीकत प्रसिद्ध आहे. खाडिलकर आणि बालगंधर्व ही जोडी जुळली नसती तर ‘स्वयंवर’ही नसतं. नाशकातल्या गोळीचा हा दूरचा परिणाम म्हणायचा का? कार्यकारणाची साखळी मी छातीठोक जोडणार नाही. पण तारखा शेजारी मांडून पाहिल्या की विचार येतोच.

१९११च्या अखेरीस मंडळीचे एक मालक आणि नायक नानासाहेब जोगळेकर गेले, आत कुरबुरी वाढल्या. १९१३ साली बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली. तेव्हा नारायणराव पंचवीस वर्षांचे होते. पुढची कहाणी वैभवाची आणि कर्जाची आहे, ती वेगळ्या उत्तराचा विषय.

प्रश्न : इतका मोठा गायक-नट सिनेमात का चालला नाही?
– एक वाचक, सिन्नर

उत्तर : चालला नाही हे खरं; प्रयत्न मात्र मातब्बर मंडळींनी केला. १९३५ साली प्रभातने ‘धर्मात्मा’ काढला, दिग्दर्शक व्ही. शांताराम, आणि बालगंधर्व संत एकनाथांच्या भूमिकेत. चित्रपटाचं आधीचं नाव ‘महात्मा’ होतं, सेन्सॉरला त्यात गांधीजी दिसले आणि ते बदलावं लागलं. आयुष्यभर ज्याला लोकांनी सुभद्रा, भामिनी, रुक्मिणी, सिंधू म्हणून पाहिलं, त्याला पुरुषवेषात पाहणं प्रेक्षकांना रुचलं नाही, आणि त्यालाही रुचलं नसावं. मग १९३७च्या ‘साध्वी मीराबाई’त ते स्त्रीवेषात आले, तर तेही जमेना. पन्नाशीला टेकलेला पुरुष रंगमंचावर, दहाव्या रांगेतून, दिव्यांच्या उजेडात मीरा वाटू शकतो. कॅमेरा दहाव्या रांगेत बसत नाही.

दुसरी अडचण वेळेची. त्यांचं गाणं फुलायला प्रेक्षकांची दाद लागे. स्टुडिओत समोर तंत्रज्ञ, आणि पदाची लांबी आधीच ठरलेली. मला मात्र गंमत वाटते ती एका जुळलेल्या सालाची. १९१३ साली इकडे गंधर्व मंडळी निघाली आणि त्याच साली आपल्या त्र्यंबकेश्वरच्या दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. त्यातली तारामतीही पुरुषच होती: साळुंके, हॉटेलात काम करणारे. त्यांना गाता येत होतं की नाही, हे विचारायची गरजच नव्हती, चित्रपट मुका होता. पुढे चित्रपट बोलू लागला, मग पार्श्वगायन आलं, आणि गळा एकाचा, चेहरा दुसऱ्याचा ही वाटणी रूढ झाली. आजही ‘सारेगमप लिटिल चॅम्प्स’मधून पुढे आलेल्या केतकी माटेगावकर, आर्या आंबेकर चित्रपटात नायिका झाल्या तर त्याची बातमी होते. शंभर वर्षांपूर्वी रंगभूमीवर गाता न येणारी नायिका ही बातमी झाली असती.

प्रश्न : त्यांचं गाणं आज ऐकायचं तर सुरुवात कुठून करावी?
– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : ‘स्वयंवर’मधल्या पदांच्या जुन्या तबकड्यांपासून. संगीत भास्करबुवांचं आहे. तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटंच मावत, त्यामुळे रंगमंचावर पुन्हा पुन्हा वन्समोअर घेत वाढत जाणारं पद तिथे आटोपशीर झालेलं मिळेल, हे गृहीत धरा. खरखरीला कंटाळून सुरुवातीलाच बंद करू नका. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी कान ती बाजूला सारतो. मग ‘एकच प्याला’तल्या सिंधूची पदं ऐका, म्हणजे शब्द रडवेला न करता दुःख कसं गायचं ते कळेल. त्यानंतर ‘कान्होपात्रा’तले अभंग. सुबोध भावेंचा २०११चा ‘बालगंधर्व’ चित्रपट आधी पाहिला असेल तर हरकत नाही, पण त्यातली गाणी आनंद भाटे यांची आहेत, ती बालगंधर्वांची समजून तुलना करत बसू नका. साथीकडेही लक्ष द्या. त्यांच्या मंडळीत तबल्याला अहमदजान थिरकवा आणि सारंगीला कादरबक्ष असत, आणि दोघेही गायकाच्या पुढे जायची घाई करत नाहीत.