भूक कोण लावतं?

दोन जावा आहेत. एकाच चुलीवरची भाकरी खातात, एकाच शेतात राबतात. धाकटी एका भाकरीवर उठते. थोरलीचं तीन भाकऱ्या खाऊनही पोट भरत नाही. तिची कंबर वाढत चालली आहे. शेजारणी म्हणतात, "हिची जीभच सुटलीय." हे बोलणं आम्हाला पटत नाही. का, ते सांगतो.

पोट रिकामं झालं की त्यातून एक रस रक्तात उतरतो. त्याचं नाव घ्रेलिन. तो मेंदूला सांगतो, 'खायला हवं.' जपानी शास्त्रज्ञांनी तो १९९९ साली शोधला. दुसरा रस अंगावरच्या चरबीतून येतो. तो लेप्टिन. 'साठा आहे, आता पुरे,' असा त्याचा निरोप. अशा रसांना संप्रेरक म्हणतात.

मग जाड बाईच्या अंगात लेप्टिन कमी असतं का? नाही, उलट जास्त असतं. पण सारख्या हाका मारल्या की ऐकणारा लक्ष देईनासा होतो ना, तसं मेंदूचं होतं. निरोप निघतो, पण मानला जात नाही.

यात वारसाही आहे. नाकडोळे आईबापांकडून येतात, तशी भूकही थोडीफार येते. शरीर कसं चालावं याच्या सूचना पेशीत लिहिलेल्या असतात. त्या सूचना म्हणजे जनुकं. एफटीओ नावाच्या जनुकात काहींच्या ठिकाणी एखादं अक्षर वेगळं असतं. हे २००७ साली कळलं. आई आणि बाप दोघांकडून तो फरक आला, तर वजन सरासरी तीन किलो जास्त भरतं, असं युरोपात दिसलं. लंडनला २०१३ साली काही पुरुषांचं रक्त तपासलं. असा फरक असलेल्यांचं घ्रेलिन जेवल्यावरही पुरेसं उतरत नव्हतं. (तपासले पुरुष, बोल मात्र बायकांना!)

पण तीन किलो म्हणजे वीस नव्हेत. बाकीचं ताट, काम आणि झोप यांवर असतं. झोप कमी पडली तरी भूक वाढते.

थोरलीनं एवढं करावं. कंबर मोजावी. बाईची कंबर ८० सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच, किंवा जास्त भरली तर दवाखान्यात जावं. तिथे रक्तदाब, उपाशीपोटीची साखर आणि रक्तातल्या दोन प्रकारच्या चरबी तपासतात. कंबर धरून या पाचांपैकी तीन बिघडल्या, की डॉक्टर त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. दुखत काही नाही, म्हणून बाई जात नाही. आणि पुढे मधुमेह, हृदयविकार गाठतात.

मोजायला शिंप्याची फीत चालते. निऱ्या सैल कराव्यात, श्वास सोडावा, पोट आत ओढू नये.