गॅरेजमधील पॅनेल : आधी भिंत, मग खरेदी

स्वतंत्र बंगल्यातील अथवा रो-हाऊसमधील गॅरेज वाहनासाठी बांधले जाते; परंतु कालांतराने तेथे शिडी, बागेची अवजारे, सायकल आणि रंगाचे डबे यांची दाटी होते. जमीन व्यापली जाते, भिंती मात्र रिकाम्या राहतात. भिंतीवर पॅनेल बसवून त्यावर आकडे व फळ्या लावणे हा यावरील सुटसुटीत उपाय होय. त्याचे यश पॅनेलच्या दर्जाइतकेच, किंबहुना अधिक, भिंतीच्या बळावर अवलंबून असते. कर्ज मंजूर करण्यापूर्वी तारणाची पडताळणी होते, तद्वतच खरेदीपूर्वी भिंतीची पडताळणी व्हावयास हवी.

पॅनेलची निवड

छिद्रांच्या पॅनेलला पेगबोर्ड, तर आडव्या खाचांच्या पॅनेलला स्लॅटवॉल म्हणतात. पाने, पक्कड, करवत अशा हलक्या वस्तूंना पेगबोर्ड पुरतो. फळ्या व अवजड अवजारे यांसाठी स्लॅटवॉल योग्य. साधा एमडीएफ ओलाव्याने फुगतो आणि खाचांच्या कडा तुटू लागतात. कोकणासारख्या भरपूर पावसाच्या प्रदेशात पीव्हीसीचे पॅनेल अथवा पाण्यात टिकणारे प्लायवूड श्रेयस्कर.

भिंतीची ओळख

अमेरिकेत घरांच्या भिंती बहुधा लाकडी सांगाड्याच्या असतात. त्यातील उभे खांब साधारणतः 16 इंच, म्हणजे सुमारे 40 सेंटिमीटर अंतरावर असतात व पॅनेल त्यांनाच स्क्रूने जखडले जाते. परदेशी पॅनेलसोबतच्या सूचना अशा भिंती गृहीत धरतात. आपल्याकडील विटांच्या वा ब्लॉकच्या भिंतीत असे खांब नसतात. तेथे भोक पाडून प्लग बसवावा लागतो.

यात गिलाव्याची जाडी विसरून चालत नाही. पॅनेल 18 मिलिमीटर, त्यामागील लाकडी रीप 25 आणि गिलावा 15 मिलिमीटर धरल्यास केवळ विटेपर्यंत पोहोचण्यासाठी 58 मिलिमीटर खर्ची पडतात. विटेच्या आत किमान 40 मिलिमीटर पकड हवी असेल, तर स्क्रू सुमारे 100 मिलिमीटर लांबीचा लागतो. आखूड स्क्रू केवळ गिलाव्यात अडकतो आणि काही महिन्यांनी गिलाव्यासह निखळतो. हलक्या एएसी ब्लॉकच्या भिंतीत त्या ब्लॉकसाठीचेच प्लग वापरावेत व भोक पाडताना ड्रिलचा ठोकण्याचा झटका बंद ठेवावा.

भाराचे गणित

वस्तू भिंतीपासून जितकी दूर, तितकी वरच्या स्क्रूवरील ओढ अधिक. फळीचा आधार 10 सेंटिमीटर उंच असून त्यावरील 12 किलो वजनाचा मध्य भिंतीपासून 15 सेंटिमीटरवर असेल, तर वरच्या बाजूस एकूण सुमारे 18 किलोची ओढ येते. तेच वजन 30 सेंटिमीटरवरील कडेला सरकविल्यास ओढ 36 किलो होते. वजन तेच राहते, ताण मात्र दुप्पट होतो. म्हणून जड वस्तू भिंतीलगत व कमी उंचीवर ठेवाव्यात. गाडीच्या वर अथवा मुलांच्या वाटेवर जड वस्तू टांगू नयेत.

उभारणी

प्रथम गाडी आत उभी करून तिचे सर्व दरवाजे उघडावेत आणि मोकळी राहणारी जागा खडूने आखावी. विजेच्या बटणांच्या सरळ वर, खाली व बाजूंना तारा असण्याची शक्यता असल्याने तेथे भोक पाडू नये. आर.सी.सी. स्तंभातही सळया असतात. तो भाग टाळावा. ओल असलेल्या भिंतीची आधी दुरुस्ती करावी.

त्यानंतर उभ्या रिपा 40 ते 60 सेंटिमीटर अंतरावर, ओळंब्यात बसवाव्यात. रिपांमुळे पॅनेलमागे हवा खेळती राहते. पहिले पॅनेल जमिनीपासून सुमारे 30 सेंटिमीटर उंचीवर ठेवावे, म्हणजे फरशी धुतानाचे पाणी त्यास लागत नाही. त्याची पातळी पाणसळीने तपासावी. पहिलेच तिरके बसले, तर वरची सर्व तिरकी जातात.

उभारणी पूर्ण होताच सारे सामान टांगण्याचा मोह आवरावा. आरंभी थोडा भार ठेवून दुसऱ्या दिवशी भिंतीलगत फट पडली आहे का ते पाहावे आणि मगच भार वाढवावा. पेट्रोल, थिनर यांसारखे ज्वालाग्राही पदार्थ येथे साठवू नयेत. इमारतीच्या सामाईक वाहनतळातील भिंत एकट्याची नसते. तेथे सोसायटीची लेखी अनुमती आधी घ्यावी.

दर पावसाळ्यानंतर स्क्रू व रिपा तपासण्यास अर्धा तास पुरतो. तेवढ्या दक्षतेने रिकामी भिंत घराची उपयुक्त ठेव ठरते.